दोन माणसांचा काटा

माझ्या सासऱ्यांनी ज्याच्या दंडाला बीपीचा पट्टा आवळलेला नाही असा माणूस मुकुटबनच्या आसपासच्या पाच-सात गावांत शोधूनही सापडायचा नाही. सापडलाच, तर तो सकाळच्या बसने आलेला पाहुणा असेल, आणि संध्याकाळच्या बसने परत जाईपर्यंत तोही सुटलेला नसेल. उभी नोकरी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट मोजता येते, आणि मोजल्याशिवाय तिच्याबद्दल तोंड उघडू नये, असं त्यांचं ठाम मत आहे. दही विरजताना ते दुधात थर्मामीटर बुडवतात. तो वेगळा ठेवलेला आहे, हे पाहुण्यांना न विचारता सांगतात, आणि त्यानंतर त्या घरात दही फारसं कुणी मागत नाही. एकदा शेजारचे गृहस्थ बारशाचं आमंत्रण द्यायला आले. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना आधी पाच मिनिटं गप्प बसवलं, मग उजव्या हाताचा बीपी घेतला, मग डाव्या हाताचा, आणि सगळं वहीत लिहून झाल्यावर विचारलं, "हं, काय म्हणून राह्यलते तुमी?" तोपर्यंत त्या गृहस्थांना बारसं कुणाकडे आहे याचीही नीट खात्री उरली नव्हती. ती वही म्हणजे एक दोनशे पानी रजिस्टर आहे. त्यात प्रत्येक माणसाला एक पान. माणूस वारला की मामाजी त्याच्या पानाचा कोपरा दुमडतात. बाकी काही लिहीत नाहीत.

माझं पान त्या वहीत मी मुलगी पाहायला गेलो त्या दिवशी उघडलं गेलं. चहा-पोह्यांच्या आधी पट्टा आला. एकशे बावन्न. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि पोहे अजून दिसलेही नव्हते. मामाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात निदान सांगितलं, "पोरगा घाबरट हाये. पण चांगलं हाये. घाबरट माणसाले खोटं पचत नाई." त्या एका वाक्यावर माझं लग्न झालं. मी पुसदला एका शाळेत गणित शिकवतो, मला मोजमाप कळतं, आणि म्हणूनच सांगतो, की ते निदान अर्धंच बरोबर होतं. खोटं मला पचलं नाही हे खरं, पण मी ते आठ वर्षं पोटात मात्र ठेवलं.

हे खोटं एका गाडीबद्दल होतं. दवाखान्यातले जुने डॉक्टर निवृत्त होऊन गावाला परत गेले, तेव्हा त्यांची काळी, गोल पाठीची, चार सिलिंडरची जुनी मोटार त्यांनी मामाजींना देऊन टाकली. साठ वर्षांपूर्वीची ती गाडी मामाजी 'पेशंट' म्हणून सांभाळत. तिची दोन माणसं. एक मामाजी आणि दुसरा मुकुटबनचा मिस्त्री, मामाजींचा लहानपणचा दोस्त. विहारात वंदनेला शेजारी बसायचे ते हे दोघे, आणि वंदना संपली की पायरीवरच गाडीचं बोलणं सुरू व्हायचं. महिन्याच्या एका रविवारी मिस्त्री यायचा, अंगणातूनच "जय भीम, कंपौंडर!" अशी हाक द्यायचा, आधी स्वतःचा दंड पुढे करायचा आणि मग गाडीचं बॉनेट उघडायचा. "पयले माह्या बीपी, मंग हिचा." त्याच्याकडे कम्प्रेशन मोजायचा काटा होता. इंजिनातल्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते हे तो दाखवतो. माणसाला बीपी, तसा इंजिनाला हा. मिस्त्रीचा काटा जुन्या पद्धतीचा होता. टोकाला रबराचा बोंडासारखा शंकू. प्लग काढून त्या भोकावर तो रबर एकाने दोन्ही हातांनी गच्च दाबून धरायचा आणि दुसऱ्याने आत बसून स्टार्टर मारायचा. एकट्याचं ते काम नव्हे. मिस्त्री दाबून धरायचा, मामाजी स्टार्टर मारायचे, आणि दोघं मिळून आकडा ओरडायचे.

आठ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मिस्त्रीने गाडीच्या पिस्टनला, दाबलेली हवा खाली निसटू नये म्हणून, नव्या रिंगा टाकल्या होत्या. त्यानंतर महिन्याभरात पांढरकवड्याला आमच्या शाळेतल्या जुन्या मित्रांचा मेळावा होता आणि मी ती गाडी मागितली. मामाजींनी दिली. सोबत पाण्याचा एक कॅन दिला आणि एक कागद दिला, त्यावर कुठे कुठे थांबून रेडिएटरमध्ये पाणी पाहायचं ते लिहिलेलं. मे महिना. मी जाताना सगळीकडे थांबलो. पण पांढरकवडा दोन किलोमीटरवर आलं तेव्हा गाडी धुळीने भुरकी झालेली दिसली. मित्रांमध्ये एक नव्या गाडीतून येणार होता. मी कडुलिंबाच्या सावलीत थांबलो आणि कॅनमधल्या उरलेल्या पाण्याने गाडी धुतली. फोटो फार छान आले. ते मी आजवर घरात कुणाला दाखवलेले नाहीत. परतताना तापमानाचा काटा लाल रेघेकडे गेला. मला वाटलं, काटा जुना आहे. मग बॉनेटमधून वाफ निघाली. एका शेतातल्या विहिरीवरून मी गार पाणी आणलं आणि उकळत्या इंजिनात तसंच ओतलं. आतून एक आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. गाडी कशीबशी घरी आली. मामाजींनी दारातच विचारलं, "कशी चालली?" मी म्हणालो, "मस्त."

त्यानंतर आठवड्याभरात गाडी दोन सिलिंडरवर फुरफुरू लागली. मिस्त्री आला, म्हणाला, काटा लावून पाहू. मी हातात चहाचा कप घेऊन गाडीच्या शेडच्या दारात उभा होतो. आणि मामाजी, जे आयुष्यात कुणाला टाकून बोलले नाहीत, ते म्हणाले, "तुमच्याच काट्यानं तुमचंच काम तपासाचं का मिस्तरी? रबर तं तुमच्या हातात. ढिलं धरलं का कमी, गच्च धरलं का जास्त." मिस्त्रीने बॉनेट मिटलं. काटा फडक्यात गुंडाळला, फटफटीला किक मारली आणि गेला. मी तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर तो अंगणातूनच परत आला असता. माझा चहा गार झाला. पुढे विहारात ते दोघे दोन टोकांना बसू लागले. मिस्त्रीच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. मामाजी गेले नाहीत.

गाडी बंद पडली, पण मामाजींनी ती दुसऱ्या कुणाला उघडू दिली नाही. "निदान झाल्याबिगर चिरफाड नाई," हा दवाखान्याचा नियम. निदानाला काटा हवा आणि काटा असा हवा, की ज्यात कुणाच्या हाताचा संबंध नाही. म्हणजे रबराचा बाद. प्लगच्या जागी आट्यांनी फिरवून बसवायचा, नळीचा काटा हवा. त्याला दुसरं माणूस लागत नाही. इथून त्यांचा आठ वर्षांचा शोध सुरू झाला, आणि त्या शोधाने पुसदपासून वणीपर्यंतच्या ऑटो पार्टवाल्यांना जे भोगावं लागलं ते त्यांचं तेच जाणोत. मामाजी खिशात त्या गाडीचा एक प्लग घेऊन हिंडत. कुठलाही काटा दिसला की आधी आटे जुळवून पाहत, कारण जुन्या इंजिनाच्या भोकात चुकीचे आटे फिरवले तर भोकच जातं. मग नळी पाहत. हवा अडवणारी छोटी झडप नळीच्या प्लगकडच्या टोकाला आहे की वर काट्यापाशी? वर असेल तर नळीतली हवासुद्धा मोजमापात येते आणि आकडा कमी पडतो. "लहान पोराच्या दंडाले मोठ्या माणसाचा पट्टा बांधल्यासारखं हाये ते," असं ते दुकानदाराला समजावत. पुसदच्या एका दुकानात माझ्यासमोर झालेला संवाद असा:

"ह्यो काटा खरा कायवरून?"

"काका, कंपनीचा हाये."

"कंपनीनं कायच्यावर तपासला?"

"काका, चार गिऱ्हाईकं उभी हायेत. घ्याचा का नाई?"

"तुमी रागावून राह्यले. बसा बरं जरा," म्हणून मामाजींनी पिशवीतून पट्टा काढला. त्या दुकानदाराचं पानही आता वहीत आहे.

मीही माझ्या परीने प्रायश्चित्त घेत होतो. दर दिवाळीला गाडीसाठी काहीतरी नेत असे. कधी प्लगचा संच, कधी बॅटरीच्या वायरी. एका वर्षी नागपूरहून चांगला भारी, आट्यांचा काटा घेऊन गेलो. मामाजींनी तबकडी पाहिली आणि फार मायेने डबा मिटला. "जवाईबापू, ह्यो डिझेलचा. ह्यानं हत्ती मोजतेत. आपल्याले शेरडी मोजाची हाये. तिच्यानं काटा जागचा हालनार बी नाई." दर रविवारी मात्र ते न चुकता शेडमध्ये जाऊन हँडलने इंजिनाचे चार फेरे काढत. "खाटेवर पडलेल्या माणसाची कूस बदलून द्या लागते," असं म्हणत. मी गेलो की तेही मीच करायचो. आणि प्रत्येक वेळी शेडमधून बाहेर आलो की माझा बीपी वाढलेला सापडायचा. घरात एकशे चोवीस, शेडमध्ये एकशे पन्नास. मामाजींनी याचाही अभ्यास केला होता. त्यांचा निष्कर्ष असा, की मला शेडमधल्या धुळीची अॅलर्जी आहे. तेव्हापासून मी येणार असलो की ते आदल्या दिवशी स्वतः शेड झाडून ठेवत. पंच्याहत्तरीतला माणूस माझ्यासाठी तोंडाला रुमाल बांधून जाळी काढायचा, हे सासूबाईंकडून मला कळलं.

या वर्षी सासूबाईंनी निर्वाणीचं सांगितलं. कपाशीची बोंडं फुटायला लागली होती आणि कापूस साठवायला शेड हवी होती. "आयकून घ्या," त्या मामाजींना म्हणाल्या, "सोमवारी भंगारवाला येऊन राह्यला. त्याच्या आत तुमच्या म्हातारीनं उठावं, नाई तं जावं. मी आठ वर्षं सवत खपवून घेतली." नेमका त्याच आठवड्यात मामाजींना पाहिजे तसा काटा कुरिअरने आला. आटे जुळणारा, झडप टोकाला असलेला, पेट्रोलचा. मामाजींचा फोन आला, "रविवारी या. निदान करू." मी मुकुटबनच्या बसमध्ये बसलो, तेव्हा मला अगदी स्पष्ट माहीत होतं, की मी माझाच रिपोर्ट आणायला निघालो आहे.

त्यांनी आधी माझा बीपी घेतला. एकशे साठ. "धूळ तं सारी काढली होती," ते स्वतःशीच म्हणाले. मग गाडीला चार्ज केलेली बॅटरी जोडली, चारी प्लग काढले, काटा पहिल्या सिलिंडरला फिरवून बसवला, आत जाऊन बसले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि स्टार्टर मारला. वही माझ्याकडे होती. पहिला, एकशे दहा. दुसरा, साठ. तिसरा, साठ. चौथा, एकशे आठ. मामाजींनी मान हलवली. "दोन्हीच्या रिंगा गेल्या. मी म्हणतच होतो." पण निदान पक्कं करायला त्यांनी इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजमधून दुसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं. तेलाने रिंगांची फट तात्पुरती भरते. रिंगा गेल्या असतील तर आकडा चढतो. पुन्हा स्टार्टर मारला. साठ. तिसऱ्यात तेल. साठ.

मामाजींनी काटा सोडवून हातात घेतला. मग पत्र्याच्या डब्यावर बसले. "रिंगा नाई जवाईबापू. रिंगा चांगल्या हायेत." नळी गुंडाळत म्हणाले, "दोन शेजाऱ्यांची मधली भिंत पडली. गॅसकेट. पन ते उगाच जात नाई, गाडी तापल्याबिगर जात नाई. अन् मी तं कधी तापू देल्ली नाई." आणि मग त्यांचा आवाज बदलला. "देल्ली असंन. मीच इसरलो असंन पाणी टाकाले. हल्ली मले काल काय खाल्लं ते आठवत नाई. मीच केलं असंन, अन् त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर..."

ते मात्र मला सहन झालं नाही. आपल्या आठवणीवर आयुष्यभर विश्वास ठेवलेला तो माणूस माझ्या खोट्यापायी तिलाही खोटं पाडायला निघाला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मेळावा, धूळ, कडुलिंब, कॅन, फोटो, विहिरीचं गार पाणी, आणि "मस्त".

मामाजींनी माझा हात ओढून मांडीवर घेतला, पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. एकशे तीस. "धूळ नव्हती तं," ते म्हणाले. पट्टा सोडताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "इंजिनाचं होऊन जाईन. गॅसकेट काय, मिळते. मले वाटलं होतं म्हातारी गेलीच, पन तिचा जीव शाबूत हाये. हे तुमी आठ वर्षं आधी सांगतलं असतं तं..." त्यांनी पट्टा पिशवीत टाकला. "जा. मिस्तरीले सांगून या. मी नाई येत. पयले तुमी."

मुकुटबनला मिस्त्री आपल्या टपरीपुढे कुणाच्या तरी फटफटीचं चाक उघडून बसला होता. मी सांगत असताना त्याचा पाना थांबला नाही. सगळं संपल्यावर म्हणाला, "मास्तर ना तुमी?"

"हो."

"पोराईले शिकवता, खरं बोला म्हून?"

"हो."

"शिकवजा, शिकवजा." त्याने चाक बाजूला ठेवलं, हात पुसले आणि माठातून पाण्याचा पेला भरून माझ्या हातात दिला. "घ्या. प्याले देलं हाये. धुवाले नाई." मी पाणी प्यायलो. मग तो हळू म्हणाला, "आठ वर्षं मी रोज मनाले इचारलं, एखांदी रिंग उलटी तं नाई गेली माह्या हातानं? त्या दिवसापासून रिंगाचं काम घेतलं नाई मी कोनाचं."

सोमवारी सकाळी तो आला. अंगणातून हाक आली नाही. दिवसभर दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलले. "मास्तर, कंपौंडरले म्हणा, तेरा नंबरचा पाना द्या." "जवाईबापू, मिस्तरीले सांगा, थो त्यायच्याच पायाखाली हाये." इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचं झाकण, उचललं तर खाली खरंच दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध गॅसकेटचा पातळ पत्रा जळून खिडकी पडलेली. दोघांनी एकदम वाकून पाहिलं, आणि डोक्याला डोकं लागलं. "पाहून चाला ना बे!" मिस्त्री ओरडला. आठ वर्षांत त्यांनी एकमेकांशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मामाजी इतके हसले, की सासूबाई काय झालं म्हणून बाहेर आल्या. त्यांनी आल्या पावली भंगारवाल्याला चहा देऊन परत पाठवलं. त्याचा बीपी एकशे चाळीस भरला.

डोकं वणीहून सपाट करून आणायला, नवं गॅसकेट मिळायला पंधरा दिवस गेले. तोवर पहिल्या वेचणीचा कापूस सासूबाईंनी पुढच्या खोलीत भरला, आणि पाहुणे कापसावर बसले. पुन्हा मोजायचा दिवस आला तेव्हा मामाजींनी नव्या काट्याचा डबा उघडला, नळी हातात घेतली, आणि मग परत डब्यात ठेवली.

"मिस्तरी, तुमचा काढा."

"काहून? ह्यो तं भारीचा. ह्याले कोनाचा हात लागत नाई म्हणे."

"म्हूनच. ह्यो एकट्या मानसाचा हाये."

मिस्त्रीने फडकं सोडलं. रबर जरा कडक झालं होतं. पण बॉनेट उघडायच्या आधी त्याने बाही वर केली आणि दंड पुढे केला. "पयले माह्या." मामाजींनी वही उघडली. मिस्त्रीचं पान मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. निम्मं पान भरलेलं, खाली कोरं, आणि कोपरा सरळ. मामाजींनी पुढची ओळ लिहिली. मध्ये जागा सोडली नाही.

गाडी आता चालते. फार लांब जात नाही. मुकुटबन आणि परत. मी पुसदला निघालो की दोघं मला तिच्यातून बसपर्यंत सोडायला येतात, आणि पाण्याचा कॅन माझ्या मांडीवर असतो. उतरताना मिस्त्री कॅन उचलून त्याचं वजन पाहतो आणि मान डोलावतो, एवढंच. मागच्या खेपेला बसला वेळ होता म्हणून मामाजींनी बॉनेटवर वही टेकवून माझ्या दंडाला पट्टा बांधला. हवेचा गोळा दाबताना त्यांची बोटं आता थरथरतात, काटा अर्ध्यावरच थांबला. मिस्त्रीने त्यांच्या हातातून गोळा घेतला आणि तो दाबू लागला. मामाजी डोळे बारीक करून काट्याकडे पाहत होते. मग दोघं एकदमच ओरडले, "एकशे बावीस!"